ग्रीन टी रोज घेते, तरी हिमोग्लोबिन का वाढत नाही?

वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : ताई, मी तासगाव तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. वय ४१. आधी दिवसाला चार कप दुधाचा चहा व्हायचा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर. मागच्या दिवाळीपासून तो सोडला आणि ग्रीन टी सुरू केला. सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी एक, मधल्या सुट्टीत डबा खाल्ल्याबरोबर एक आणि रात्री जेवण झाल्या झाल्या एक. मैत्रिणी म्हणतात, यानं चरबी वितळते, शुगर ताब्यात राहते, कॅन्सर होत नाही. वजन दोन किलोनं उतरलं हे खरं, पण हल्ली सारखं गळून गेल्यासारखं वाटतं, शाळेचा जिना चढताना धाप लागते. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.६ आलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात. सकाळची गोळी मी ग्रीन टीबरोबरच घेते, म्हणजे विसरायला होत नाही. रोज ग्रीन टी घेणं चांगलं की वाईट, ते एकदा स्पष्ट सांगा.
(एक शिक्षिका, जि. सांगली)

उत्तर : बाई, उद्या सकाळपासून गोळी आणि ग्रीन टी यांची ताटातूट करा. बाकी सगळं त्यानंतर वाचलं तरी चालेल.

चहाच्या पानात पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं भरपूर असतात. ग्रीन टीचे जे काही गुण सांगितले जातात ते बहुतांशी यांच्यामुळेच. पण हीच द्रव्यं आतड्यात लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात उतरू देत नाहीत. मटणा-माशातल्या लोहावर याचा फारसा परिणाम होत नाही. भाजी, डाळ, भाकरी यांतून मिळणाऱ्या लोहावर मात्र मोठा होतो, आणि गोळीतल्या लोहावरही होतो. तुमच्या डब्यात पोळी, मेथी, मटकीची उसळ असं काही असणार. त्यातलं लोह मुळातच थोडं थोडं शोषलं जातं. त्यावर लगेच ग्रीन टी घेतला की आहे त्यातलंही बरंचसं वाया जातं. तुमचा दिवस मांडून पाहिला तर सकाळची गोळी, दुपारचा डबा आणि रात्रीचं जेवण, लोह मिळण्याच्या तिन्ही वेळांवर तुम्ही नेमका ग्रीन टी ओतताय.

बाळंतपण किंवा गरोदरपण नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असावं लागतं. ९.६ म्हणजे मध्यम स्वरूपाचा रक्तक्षय. हे तुमच्या एकटीचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. म्हणून ग्रीन टीबद्दल कोणत्याही मराठी घरात बोलताना मी पहिल्यांदा हिमोग्लोबिनच विचारते, वजन नंतर. परदेशातली आरोग्याची पानं वाचून आपण सवयी उचलतो, पण तिथल्या बाईच्या ताटात आणि आपल्या ताटात फरक आहे, तिच्या रक्तात आणि आपल्या रक्तातही आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत चहा-कॉफी जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास टाळावी असं सांगितलंय. तुमचं हिमोग्लोबिन पाहता मी तुम्हाला दोन तास सांगेन. गोळी साध्या पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्या, कारण क जीवनसत्त्वानं लोह जास्त शोषलं जातं. डब्यात लिंबाची फोड ठेवा आणि उसळीवर पिळा. ग्रीन टी अकराच्या सुमारास किंवा शाळा सुटल्यावर साडेचार-पाचला घ्या. रात्रीचा बंद करा, त्यातलं कॅफिन झोप मोडतं आणि तुम्हाला झोपेची गरज आहे. सकाळी रिकाम्या पोटीचाही नको, त्यानं अनेकांना मळमळतं आणि पित्त खवळतं. हिवाळा असेल तर अळिवाचा लाडू सुरू करा, अळिवात लोह चांगलं असतं.

आणखी एक, याला कृपा करून हलकं घेऊ नका. हिमोग्लोबिन ९.६ होण्याचं कारण फक्त ग्रीन टी असेल असं मला वाटत नाही. पाळीत अंगावरून जास्त जातं का, मूळव्याध आहे का, जंत आहेत का, हे डॉक्टरांना सांगून तपासून घ्या. चाळिशीतल्या कितीतरी बायका पाच-पाच, सहा-सहा दिवस भरपूर रक्तस्राव सोसतात आणि वयाचं म्हणून गप्प बसतात. तुम्ही बसू नका.

आता चांगलं की वाईट. ग्रीन टीवरचा माझ्या मते सगळ्यात वजनदार अभ्यास जपानमधला आहे. ईशान्य जपानच्या मियागी प्रांतात ओसाकी नावाचा भाग आहे. तिथल्या ४० ते ७९ वयाच्या ४०,५३० माणसांची १९९४ पासून पुढे अकरा वर्षांपर्यंत, मृत्यूच्या कारणांची सात वर्षांपर्यंत, नोंद ठेवली गेली आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले. दिवसाला पाच किंवा जास्त कप ग्रीन टी पिणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघातानं होणारे मृत्यू, एक कपाहून कमी पिणाऱ्यांच्या तुलनेत, स्त्रियांत ३१ टक्क्यांनी आणि पुरुषांत २२ टक्क्यांनी कमी दिसले. कॅन्सरच्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही. हे शेवटचं वाक्य तुमच्या मैत्रिणींना जरूर वाचून दाखवा.

तिथला कप साधारण १०० मिलिलिटरचा, म्हणजे आपल्याकडच्या टपरीवरच्या कटिंगहून जरा मोठा. पाच कप म्हणजे अर्धा लिटर. तुमचा शाळेतला मग २५० चा असेल तर दोन मगांत तेवढं झालं. शिवाय ती माणसं साखर न घालता पितात, मासे खातात, चालतात. असा अभ्यास दोन गोष्टी एकत्र दिसतात एवढंच सांगतो, एकीमुळेच दुसरी झाली असं ठामपणे सांगत नाही. प्रत्यक्ष प्रयोग करून मोजलं तेव्हा फायदा दिसला तो छोटा : वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल दोन ते पाच अंकांनी उतरतं, वरचा रक्तदाब साधारण दोन अंकांनी. हे खरे फायदे आहेत, पण कोणाची गोळी बंद व्हावी एवढे मोठे नाहीत.

चरबी वितळण्याचं तर विसराच. २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं ग्रीन टी आणि वजनावरचे प्रयोग एकत्र करून पाहिले. जपानबाहेरच्या प्रयोगांत वजनातला सरासरी फरक ४० ग्रॅम निघाला. चाळीस ग्रॅम म्हणजे मूठभर शेंगदाणे.

मग तुमचे दोन किलो कुठे गेले? ते साखरेत गेले. माझ्याकडे मिरजेला येणाऱ्यांना मी पहिल्या भेटीला घरचा चहाचा कप आणि साखरेचा चमचा सोबत आणायला सांगते, कारण 'दोन चमचे' या शब्दांवरून काहीच कळत नाही. काही घरांतला शीग लावलेला चमचा तराजूवर आठ ग्रॅम भरतो. तुमचा पाच ग्रॅमचा धरला तरी चार कपांत आठ चमचे, म्हणजे ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी, रोज. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरून घातलेली साखर जमल्यास २५ ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगते. तुमची फक्त चहातच ४० होत होती. ती थांबवली हे तुम्ही केलेलं काम आहे, त्याचं श्रेय पुडीला देऊ नका. ही सवय टिकवण्यासाठी ग्रीन टी उपयोगी पडत असेल तर दिवसाला दोन कप खुशाल घ्या, वेळा सांभाळून. चहासोबत दूधही गेलंय, तेव्हा कॅल्शियमसाठी वाटीभर दही किंवा ताक वाढवा. आणि तीन महिन्यांनी हिमोग्लोबिनचा आकडा मला कळवा. मी वाट पाहीन.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे, जिमला जातो. ट्रेनरनं ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल सुचवल्या. सकाळी उपाशीपोटी दोन घ्यायच्या, मग व्यायाम. नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही म्हणतो. दोन आठवडे घेतोय. जेवण कमी केलंय. घेत राहू का?
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : नाही. आजच बंद कर.

कपातला ग्रीन टी आणि कॅप्सूलमधला अर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रीन टीतल्या मुख्य द्रव्याचं नाव ईजीसीजी. एका कपात ते साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम असतं आणि आपण ते घोट घोट, दिवसभरात घेतो. कॅप्सूलमध्ये कित्येक कपांचा अर्क एकदम पोटात जातो. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये सगळे पुरावे तपासून सांगितलं, की पूरक म्हणून घेतलेल्या अर्कातून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी गेलं तर यकृताला इजा झाल्याची खूण रक्तात दिसू लागते. काही जणांत त्याहून कमी प्रमाणातही यकृताला इजा झाली आहे. काहींच्या जनुकांतच हा धोका जास्त असतो आणि तुझ्यात तो आहे की नाही हे ट्रेनरला कळायचा मार्ग नाही. उपाशीपोटी घेतलं की ईजीसीजी रक्तात जास्त उतरतं, म्हणजे तुला सांगितलेली वेळ ही सगळ्यांत धोक्याची वेळ आहे. त्यात तू जेवणही तोडलंयस. फ्रान्स आणि स्पेनमध्ये २००३ साली वजन घटवण्यासाठी विकलं जाणारं अशा अर्काचं एक उत्पादन यकृताच्या तक्रारींमुळे बाजारातून काढून घेतलं होतं. म्हणजे ही गोष्ट जगाला माहीत होऊन वीस वर्षं उलटली, आणि आपल्याकडे अजून जिमच्या काउंटरवर डबा मांडलेला असतो. याचा मला मनापासून राग येतो.

लघवी गडद पिवळी होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज, अन्नावरची वासना जाणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, यांतलं काहीही जाणवलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि कॅप्सूलचा डबा सोबत ने. काही जाणवत नसलं तरी एकदा यकृताची रक्ततपासणी करून घे, मनाला शांतता मिळेल. व्यायामाआधी केळं खा. जेवण तोडून स्नायू येत नाहीत, डाळ-भात, अंडी, दूध वेळेवर खाऊन येतात. साधा ग्रीन टी कपातून प्यायला काहीच हरकत नाही.

प्रश्न : माझं वय ६८. हृदयाची झडप बदलली आहे, रक्त पातळ ठेवायची वॉर्फरिनची गोळी चालू आहे. सौभाग्यवतींना थायरॉइडची गोळी आहे. मुलानं पुण्याहून ग्रीन टीचा मोठा डबा आणून दिलाय. आम्ही दोघांनी घ्यावा का?
(एक वाचक, कराड)

उत्तर : काका, वॉर्फरिनचा परिणाम के जीवनसत्त्वावर अवलंबून असतो. वाळलेल्या पानांत ते बरंच असतं, पण पाण्यात फार थोडं उतरतं. एखाद-दुसऱ्या कपानं सहसा बिघडत नाही. रोज दोन ते चार लिटर ग्रीन टी पिणाऱ्या रुग्णाचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) मात्र घसरल्याची नोंद आहे, आणि झडप बदललेल्या माणसाचा आयएनआर घसरणं म्हणजे गुठळीचा धोका. तेव्हा सुरू करायचाच असेल तर आधी तुमच्या हृदयतज्ज्ञांना सांगा, रोज एकच कप ठेवा, एक दिवस चार आणि मग आठवडाभर शून्य असं करू नका, आणि सुरू केल्यावर आयएनआर लवकर तपासून घ्या. पानांची पूड करून पाण्यात घुसळतात तो माचा तुम्ही घेऊ नका, त्यात अख्खं पान पोटात जातं.

नॅडोलॉल नावाची रक्तदाबाची गोळी कोणा वाचकाला चालू असेल तर त्यांनी ग्रीन टी टाळलेलाच बरा. जपानमध्ये दहा निरोगी माणसांना दोन आठवडे रोज ७०० मिलिलिटर ग्रीन टी देऊन पाहिला, तेव्हा या औषधाचं रक्तातलं प्रमाण ८५ टक्क्यांनी कमी झालं होतं.

काकूंनी थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्यानं घ्यावी, त्यानंतर तासभर चहा नाही, ग्रीन टी नाही, काहीच नाही. मग त्यांना चालेल.

प्रश्न : आमच्या घरात ग्रीन टीचं पाकीट परवडत नाही. शंभर ग्रॅमला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात आमची महिन्याची साधी चहा पावडर येते. कोरा चहा प्यायला तर काहीच फायदा नाही का? आणि गवती चहा आमच्या परसात भरपूर आहे, तो चालेल?
(एक वाचक भगिनी, ता. चंदगड)

उत्तर : तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण हा प्रश्न खूप जणींच्या मनात असतो आणि विचारायचा संकोच होतो.

ग्रीन टी आणि आपली साधी चहा पावडर एकाच झाडाच्या पानांपासून होतात. कांगडा, आसाम, निलगिरी इथे दोन्ही तयार होतात. पान खुडल्यावर लगेच वाफेवर किंवा कढईत तापवलं की त्याचं काळं पडणं थांबतं, तो ग्रीन टी. पान चुरगाळून हवेवर तसंच ठेवलं की त्यातली कॅटेचिन नावाची पॉलिफेनॉल बदलून थियाफ्लेविनसारखी दुसरी पॉलिफेनॉल तयार होतात, तो आपला नेहमीचा चहा. ती दुसरीही निकामी नाहीत. ब्रिटनमधल्या सुमारे पाच लाख माणसांवरचा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतली चहा घेणारी बहुतेक माणसं साधाच चहा पिणारी. दिवसाला दोन किंवा जास्त कप पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ९ ते १३ टक्क्यांनी कमी दिसला, दूध घालणाऱ्यांतही आणि न घालणाऱ्यांतही. तेव्हा कोरा चहा प्या, साखर निम्मी करत करत सोडा, पावडर थोडी कमी घाला, दोन कपांवर थांबा. जेवणाच्या वेळेचा नियम साध्या चहालाही तेवढाच लागू आहे. ग्रीन टीसाठी पैसे खर्चायची गरज नाही. ते पैसे अंडी, शेंगदाणे, फळं यांना लावा, घरातल्या मुलांनाही त्याचा उपयोग होईल.

गवती चहा हे निराळं गवत आहे. त्यात कॅफिन नाही आणि ग्रीन टीतली कॅटेचिनही नाहीत. पण स्वाद इतका छान असतो की साखर कमी केलेला चहा गोड लागायला मदत होते. संध्याकाळी नुसत्या गवती चहाचा काढा घ्या, झोपेला त्रास नाही.

प्रश्न : ग्रीन टी इतका कडू का लागतो? मध घातला तर चालेल का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुम्ही तो बहुधा आपल्या चहासारखा उकळताय. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करा, चार-पाच मिनिटं थांबा, पाणी ७०-८० अंशांवर येऊ द्या, मग एक सपाट चमचा पानं घालून झाका आणि दोन-तीन मिनिटांत गाळा. कडवटपणा निम्म्याहून कमी होईल. गरम गरम घशाखाली ओतू नका. ६५ अंशांहून जास्त तापलेली पेयं अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका बहुधा वाढवतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये जाहीर केलंय. मध म्हणजे साखरच. लिंबाचे चार थेंब घाला, चव उजळते.

प्रश्न : माझ्या सुनेला चौथा महिना आहे. ऑफिसात दोन-तीन ग्रीन टी होतात, शिवाय कॉफी. मी बोलले तर तिला आवडत नाही. तुम्ही सांगा.
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : मावशी, तिला रागावू नका, हे उत्तर दाखवा. गरोदरपणात कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचा सल्ला दिला जातो. ग्रीन टीच्या मोठ्या कपात साधारण ३० ते ४०, फिल्टर कॉफीच्या मोठ्या कपात सुमारे ९०-१००. तीन ग्रीन टी आणि एक कॉफी झाली की ती त्या रेषेला टेकते, आणि त्यावर चॉकलेट किंवा कोला घेतलं तर ओलांडते. पण मला कॅफिनपेक्षा जास्त काळजी आहे ती लोहाची आणि फॉलिक ॲसिडची. दोन्ही बाळासाठी लागतात आणि ग्रीन टी दोन्हींचं शोषण कमी करतो. एक कप, सकाळी अकराच्या सुमारास, गोळ्यांपासून आणि डब्यापासून दूर, एवढं तिनं पाळलं तर चालेल. उरलेल्या वेळी ताक, लिंबूपाणी, शहाळं. लोहाची गोळी ती कशाबरोबर घेते तेवढं प्रेमानं विचारून पाहा, आणि पुढच्या तपासणीला हिमोग्लोबिन किती आलं तेही.